'लो' नावाचा बँड कुणी ऐकतं का? (आणि उदास ड्युएट ऐकून बरं का वाटतं)

खिडकीतला_कावळा

टॅक्स ऑडिटचे दिवस आहेत त्यामुळे रात्री उशिरापर्यंत ऑफिसातच बसणं चाललंय आणि कानात काहीतरी लागतंच. मराठी-हिंदी लावलं की शब्दांकडे लक्ष जातं आणि आकडे चुकतात म्हणून इंग्रजी लावतो, तेही संथ. तर असंच एकातून दुसरं लागत लागत 'लो' नावाच्या बँडचा पहिला अल्बम सुरू झाला, 'आय कुड लिव्ह इन होप', १९९४ चा. पहिलं मिनिटभर मला वाटलं नेट स्लो आहे. खरंच. बासचे मोजके सूर, मध्ये ही एवढी मोकळी जागा, परत तेच सूर, मागे कुणीतरी ड्रमवर नुसता ब्रश फिरवतंय, आणि मग एक पुरुष आणि एक बाई गायला लागतात.

आता ड्युएट म्हटलं की आपल्या डोक्यात काय असतं, आधी तो म्हणणार मग ती म्हणणार, तो विचारणार ती रुसणार, आणि शेवटच्या कडव्याला दोघं मिळून. इथे कुणी कुणाला काही विचारतच नाहीये. दोघं तीच ओळ, त्याच वेळी, तो खालच्या सुरात आणि ती वरच्या, आणि आवाजात नाटक म्हणून नाही.

मग काम सोडून माहिती काढत बसलो. मिनेसोटातल्या डलूथचा बँड, १९९३ ला सुरू झालेला. अ‍ॅलन स्पारहॉक गिटारवर, मिमी पार्कर ड्रम्सवर, नवरा-बायको, ओळख लहानपणी शाळेतली. तिसरा मेंबर बासवाला, तो बदलत गेला. मिमी पार्कर ५ नोव्हेंबर २०२२ ला गेली, ओव्हरीचा कॅन्सर होता, वय ५५. हे वाचलं आणि अल्बम परत पहिल्यापासून लावला.

त्या अल्बममधल्या सगळ्या गाण्यांची नावं एकेका शब्दाची आहेत आणि शेवटचं 'सनशाईन' म्हणजे आपण इंग्लिश मीडियमच्या केजीत टाळ्या वाजवत म्हणायचो तेच 'यू आर माय सनशाईन'. ते इतकं हळू गायलंय की पहिल्यांदा लक्षात आलं की अरे हे गाणं मुळात सोडून जाण्याबद्दल आहे! पोरांना काय म्हणून शिकवतात कुणास ठाऊक.

तर प्रश्न असा आहे की एकट्या माणसाचं रडगाणं मला सहन होत नाही, अर्ध्यात बंद करतो, पण तेवढंच उदास दोघांनी मिळून गायलं की मी तासभर ऐकू शकतो आणि उठताना हलकं वाटतं. असं अजून कुणाला होतं का? आणि या टाइपचं अजून काय आहे तेही सांगा, ऑडिट संपायला वेळ आहे.

बेसूर_बाळ

ऐकलं. साडेचार मिनिटं ऐकलं. मंडळी शुद्धीवर आहेत ना? (हलके घ्या)

मिनेसोटाकरीण

अय्या, आमच्याकडचा बँड! मी ट्विन सिटीजमध्ये (मिनिआपोलिस-सेंट पॉल) राहते, इथून डलूथ अडीच तासांवर, लेक सुपीरियरच्या काठाला. जानेवारीत तिथे एकदा जाऊन आलात की हे संगीत असं का आहे हे वेगळं सांगावं लागत नाही, बाहेर बघायला फक्त पांढरं आणि राखाडी असतं. बॉब डिलनचा जन्म पण तिथलाच बरं का, १९४१ चा, पण त्याने गाव सोडलं, हे दोघं तिथेच राहिले.

आता किस्सा. २०१३ च्या जूनमध्ये मिनिआपोलिसला वॉकर आर्ट सेंटरच्या आवारात 'रॉक द गार्डन' होतं, दरवर्षी व्हायचं, उन्हाळ्यातली जत्राच म्हणा. त्या दिवशी पाऊस, चिखल, लोक बीअर घेऊन उभे, सगळ्यांना उड्या मारायच्या होत्या. लो स्टेजवर आले आणि एकच गाणं वाजवलं. एकच, सत्तावीस मिनिटं! 'डू यू नो हाऊ टू वॉल्ट्झ', अल्बममध्ये ते चौदा मिनिटांचं आहे, इथे त्याच्या जवळजवळ दुप्पट. सुरुवातीला थोडे शब्द आणि मग नुसता गिटारचा एक घुमणारा आवाज, वाढतोय कमी होतोय, वाढतोय कमी होतोय. माझा नवरा दहा मिनिटांनी म्हणाला, ट्युनिंग बरंच चाललंय नाही? शेवटी स्पारहॉक माइकवर तीन शब्द म्हणाला, "ड्रोन, नॉट ड्रोन्स", म्हणजे असा घुमणारा सूर हवा, युद्धातली ड्रोन विमानं नकोत, आणि गेले की सगळे आत.

त्यानंतर इथे जी काही भांडणं झाली ऑनलाइन! अर्धे म्हणे पैसे परत द्या, अर्धे म्हणे आयुष्यात ऐकलेला सगळ्यात भारी सेट. त्या तीन शब्दांवरून नंतर इथे २८ तास सलग ड्रोन वाजवायचा कार्यक्रमच सुरू झाला, गाद्या-उशा घेऊन लोक जायचे त्याला. मी या भांडणात कुठल्या बाजूची होते? खरं सांगू, पाय भिजले होते आणि भूक लागली होती, तरी हलले नाही.

आणि कावळ्या, दोघांबद्दल म्हणतोयस ते अगदी पटलं. मिमी स्टेजवर उभी राहून वाजवायची, समोर एक स्नेअर, एक टॉम, एक झांज, बस. पायाने वाजवायचा मोठा ड्रम नाहीच. चेहऱ्यावर काही नाही. आणि तोंड उघडलं की संपलंच.

तंबोरी

छान धागा. कावळा यांनी जे वर्णन केलंय त्यात सांगीतिकदृष्ट्या एक गोष्ट आहे. आपल्याकडे दोघं एकत्र गातात तेव्हा साधारण एकाच सुरात गातात, किंवा एक सप्तक वर-खाली. दोन वेगळे सूर एकाच वेळी, म्हणजे त्याचा सा चालू असताना तिचा गंधार, अशी मांडणी आपल्या रागसंगीतात नाही. सिनेमात सलील चौधरींसारख्यांनी आणली, त्यांचा तर बॉम्बे यूथ कॉयरही होता, १९५८ पासूनचा, पण एकूण कानाला सवय कमीच. त्यामुळे आपल्याला हा प्रकार जास्त जाणवतो.

आता असं दोन आवाजांत गायचं तर दोघांनाही स्वतःला आवरावं लागतं. एकाने भावनेच्या भरात आंदोलन घेतलं, म्हणजे सूर हलवला, किंवा ओळ लांबवली तर दुसरा तोंडघशी पडतो. श्वास एका जागी, शब्द एका जागी सुटायला हवा. म्हणून ही दोघं इतकी सपाट वाटतात, ते सपाट नाहीये, ती शिस्त आहे. एकट्या गायकाला रडायची मुभा असते, ती यांना नाही. कावळा, तुम्हाला एकट्याचं 'रडगाणं' सोसत नाही आणि हे सोसतं, त्याचं कारण मला तरी इथे दिसतं.

लयीबद्दल मात्र बेसूर बाळ यांना सांगेन की अतिविलंबितात, म्हणजे अगदी संथ लयीत, एका मात्रेत जेवढी जागा असते ती आधी रिकामीच वाटते. ऐकत राहा.

बेसूर_बाळ

ताई अतिविलंबितात शेवटी द्रुत येतो हो. इथे आलाच नाही, मी वाट बघत होतो.

मोडकी_कॅसेट

लंडनचा 'द एक्सएक्स' ऐका लगेच. पहिला अल्बम २००९ चा, २०१० चं मर्क्युरी प्राइज (ब्रिटनमधलं अल्बमचं मोठं बक्षीस) मिळालेला. रोमी मॅडली क्रॉफ्ट आणि ऑलिव्हर सिम, दोघं अगदी बालवाडीच्या वयापासूनचे दोस्त, आणि बीट्स बनवणारा जेमी. त्यातही एक पोरगा एक पोरगी, दोघांचे आवाज कुजबुजीच्या एक पायरी वर, गिटार एकेका तारेवर. ऐकताना वाटतं एकमेकांसाठी झुरतायत. पण गंमत म्हणजे ते जोडपं नाहीच, दोघंही गे आहेत, आपापल्या ओळी आपापल्या वेगळ्या माणसांसाठी लिहिलेल्या आणि मग एका गाण्यात आणून शेजारी ठेवलेल्या. गाण्यात तो-ती असलं काही येऊ देत नाहीत. म्हणजे दोन एकटी माणसं एकाच खोलीत आपापल्या खिडकीतून बाहेर बघतायत असं काहीसं. मला ते लोपेक्षा जास्त भिडतं, वयाचा भाग असेल, मी कॉलेजात होतो तेव्हा.

दुसरं, 'द सिव्हिल वॉर्स'. अमेरिकन, नॅशव्हिलवाले, जॉय विल्यम्स आणि जॉन पॉल व्हाइट. एक गिटार आणि दोन आवाज. ही पण जोडी नव्हे, दोघांची लग्नं वेगवेगळी. पण स्टेजवर बघाल तर शपथेवर सांगाल की यांचं काहीतरी आहे. २०११ चा 'बार्टन हॉलो' अल्बम, त्याला दोन ग्रॅमी. आणि मग २०१२ च्या नोव्हेंबरात दौरा अर्ध्यावर टाकला, आपसात पटत नाही म्हणून चक्क जाहीर केलं. दुसरा अल्बम आला २०१३ मध्ये, बिलबोर्डवर थेट पहिल्या नंबरला, आणि त्या वेळी दोघं एकमेकांशी बोलत नव्हती! २०१४ ला अधिकृतपणे संपलं. तो दुसरा अल्बम त्या नजरेने ऐकून बघा एकदा.

झाकोळ

तंबोरी यांची थिअरी सिव्हिल वॉर्सवर चालत नाही मग. मी ऐकलंय त्यांना. ते भरपूर नाटक करतात, आवाज चढवतात, ओढतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघत गातात आणि तरी अंगावर येतं. शिस्त वगैरे काही नाही.

बाकी मला या सगळ्या प्रकाराबद्दलच थोडी शंका आहे. दिवसभर एसीत बसायचं आणि रात्री हेडफोन लावून दुसऱ्याचं दुःख चवीने ऐकायचं, यात 'बरं वाटणं' म्हणजे नक्की काय? कुठेतरी डेव्हिड ह्यूरन नावाच्या संगीत-मानसशास्त्रवाल्या प्राध्यापकांची थिअरी वाचली होती की उदास संगीताने मेंदू फसतो, खरंच दुःख झालंय समजून प्रोलॅक्टिन नावाचं दिलासा देणारं हार्मोन सोडतो, आणि दुःख तर झालेलं नसतं, मग नुसताच दिलासा उरतो. म्हणजे फुकटचा. ऐकायला छान आहे, नंतर त्याला भक्कम पुरावा काही मिळाला नाही म्हणतात.

तंबोरी

झाकोळ, सिव्हिल वॉर्स पुन्हा लक्ष देऊन ऐका. नाटक ओळीच्या सुरुवातीला आहे. ज्या जागी दोघं एकत्र येतात तिथे ती किती बारीक होते आणि तो तिच्या श्वासाला कसा थांबतो ते पाहा. ते न जमता गाणं उभंच राहणार नाही. एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांनाही ते करावंच लागतं, आणि मला तर त्यात फारच वाईट वाटतं.

खिडकीतला_कावळा

वा वा, एका दिवसात इतकं! सगळं प्लेलिस्टमध्ये टाकलंय. एक्सएक्स लगेच आवडला, सिव्हिल वॉर्सना जरा वेळ द्यावा लागेल, ते फार जवळ येऊन गातात.

झाकोळ, फुकटच्या दिलाशाबद्दल. माझ्यापुरतं सांगतो. एकटा माणूस दुःखाचं गायला लागला की तो माझ्याकडे काहीतरी मागतोय असं वाटतं. माझ्याकडे बघ, मला समजून घे. आणि दिवसभर क्लायंट, पार्टनर, घरचे सगळे काही ना काही मागतच असतात, रात्री अजून एकाला नाही समजून घेता येत यार. ही दोघं गातात तेव्हा त्यांना माझी गरजच नसते. त्यांचं त्यांचं चाललेलं असतं, त्याला ती आहे तिला तो आहे, मी आपला कोपऱ्यात बसलोय, मला कुणी उठवत नाही. उदास आहे पण माझ्यावर जबाबदारी नाही. हे जरा स्वार्थी वाटेल पण आहे हे असं आहे.

मिनेसोटाकरीण ताई, बाकी अल्बम कुठल्या क्रमाने ऐकू?

मिनेसोटाकरीण

'थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर' ऐक, २००१ चा. स्टीव्ह अल्बिनीने रेकॉर्ड केलाय, 'निर्वाणा' बँडचा शेवटचा स्टुडिओ अल्बम करणारा तोच. त्याची खासियत अशी होती की खोलीत जसं वाजतं तसं ठेवायचं, वरून पावडर-लाली नाही. दोघांचे आवाज इतके समोर आहेत की हेडफोनवर नको ऐकूस म्हणते, स्पीकरवर ऐक, खोलीत पसरू दे. मग 'द ग्रेट डिस्ट्रॉयर', २००५, त्यात चक्क जोरात गिटार आहेत. बेसूर बाळला हा द्या. 'लेड झेपलिन' या प्रसिद्ध रॉक बँडवाल्या रॉबर्ट प्लांटने यातली दोन गाणी २०१० मध्ये स्वतःच्या 'बँड ऑफ जॉय' अल्बममध्ये घेतली, म्हणजे बघा.

'डबल निगेटिव्ह' (२०१८) आणि 'हे व्हॉट' (२०२१) मात्र घाईने लावू नकोस. पंचवीस वर्षं हळू आवाजात गाऊन झाल्यावर या दोघांनी सगळं मशीनमधून काढून फाडून टाकलंय. 'डबल निगेटिव्ह'मध्ये आवाज असे येतात की रेडिओ स्टेशन नीट लागत नाहीये. मी पहिल्यांदा गाडीत लावला तर वाटलं स्पीकर गेला. 'हे व्हॉट'मध्ये गोंगाट तितकाच आहे पण आवाज पुन्हा स्वच्छ, दोघांचे, अगदी मधोमध. तिच्या आजाराचं निदान २०२० च्या शेवटी झालेलं, लोकांना २०२२ मध्ये कळलं, म्हणजे आम्ही तो अल्बम ऐकला तेव्हा त्यातलं काहीच माहीत नव्हतं. आता ऐकताना माहीत असतं, काय करणार.

आणि सुरुवातीच्या काळातलं एक. बारमध्ये वाजवायचे तेव्हा लोक गप्पा मारायचे, आणि हे काय करायचे तर आवाज वाढवायच्या ऐवजी अजून कमी करायचे. मग बोलणाऱ्यालाच स्वतःचं ऐकू यायला लागायचं. ऐकायला आलेले लोक सरळ फरशीवर बसायचे.

तंबोरी

फरशीवर बसून ऐकायचं म्हणजे आपल्या बैठकीसारखंच झालं की. आवाज कमी करण्याची युक्ती आमच्या गुरुजींनाही सांगायला हवी होती, ते थेट गाणं थांबवून बघायचे.

मडगांवकार

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे फक्त वाचतो, पण तंबोरीताईंनी लिहिलंय की दोन सुरांतलं गाणं आपल्या कानाला सवयीचं नाही, त्यावर राहवलं नाही. ताई, रागसंगीताचं म्हणत असाल तर मान्य. पण गोव्यात या! आमचा मांडो हा गाण्याचा प्रकार अख्खा दोन आवाजांतच गातात. पहिला आवाज आणि त्याच्या खाली दुसरा, तिसऱ्या-सहाव्या सुराच्या अंतराने, कोकणी शब्द, साथीला व्हायोलिन आणि घुमट (मातीचं तालवाद्य). आणि विषय काय तर विरह, निरोप, कोण समुद्रापार चाललाय कोण मागे राहिलीय, लग्न ठरतंय दुसऱ्याशीच. लय अशी संथ की बेसूर बाळ झोपतील. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय हे, साष्टीतल्या कुडतरी-लोटली-राय या बाजूला खूप मांडो रचले गेले.

हे कुठून आलं तर चर्चच्या शाळांतून. पोर्तुगीज काळात गावच्या चर्चला जोडून शाळा असायची, तिथे पोरांना सोल्फा (डो-रे-मी) वाचायला आणि व्हायोलिन शिकवायचे, लॅटिन भजनं दोन-चार आवाजांत बसवायचे. तीच पोरं घरी येऊन कोकणीत स्वतःची दुःखं त्याच पद्धतीने गायला लागली. म्हणून यजमानाच्या हॉलमध्ये दहा माणसं जमली की न सांगता निम्मी दुसऱ्या आवाजावर जातात. माझ्या आईला तर पहिला आवाज येतच नाही. तिला कुठलंही गाणं एकटीला म्हणायला सांगितलं की ती खालचंच म्हणते, ऐकणाऱ्याला कळतच नाही कुठलं गाणं आहे, हॉलमधून माझी मावशी वरचा आवाज लावते तेव्हा उलगडा होतो.

मातीचं घुमट पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवायचे, आता कायद्याने बंदी म्हणून बकऱ्याचं लावतात, आवाजात फरक पडला म्हणून जुने लोक कुरकुरतात.

आणि बेसूर बाळ, तुमची द्रुताची सोय आहे इथे! मांडो झाला की त्याला जोडून दुल्पोद येतो, चटपटीत लय, गावच्या चहाड्या-गमती, सगळे नाचायला लागतात.

झाकोळ

हे मस्त लिहिलंत. म्हणजे रडून घ्यायचं, मग चहाड्या करायच्या. या व्यवस्थेला माझा पूर्ण पाठिंबा.

तंबोरी

मडगांवकार, मनापासून आभार, मी मांडो ऐकलेत पण लग्नाच्या हॉलमधला बँड वाजवतो तसे, व्हायोलिनवर. दुसऱ्या आवाजाकडे कधी कान दिला नव्हता. आई गातात तो खालचा आवाज एकटा रेकॉर्ड करून मिळेल का? मला तो आधी तसाच ऐकायचाय, वरची चाल न लावता. उलटं ऐकून बघते.

मोडकी_कॅसेट

गाण्यात प्रेमात असलेली आणि खरंच प्रेमात असलेली जोडी हवी असेल तर 'द स्वेल सीझन' राहिलेच. आयर्लंडचा ग्लेन हॅन्सर्ड आणि चेक रिपब्लिकची मार्केता इर्ग्लोवा. 'वन्स' सिनेमातल्या गाण्याला २००८ चं ऑस्कर मिळालं, तिचं भाषण सुरू व्हायच्या आतच म्युझिक वाजवून हाकललं तर सूत्रसंचालक जॉन स्टुअर्टने ब्रेकनंतर तिला परत बोलावून बोलू दिलं. मग दोघांचं बिनसलं, तरी एकत्र गात राहिले, २००९ च्या अल्बममध्ये ते सगळं आहे. आणि २०२५ मध्ये परत एकत्र अल्बम काढलाय.

खिडकीतला_कावळा

ही यादी आता पुढच्या ऑडिटलाही पुरणार. एक अजून विचारायचं होतं, मिमी गेल्यावर स्पारहॉकने काय केलं? लो संपलाच ना?

मिनेसोटाकरीण

हो, लो तिच्याबरोबर संपला. २०२४ मध्ये त्याचा एकट्याचा अल्बम आला, 'व्हाइट रोझेस, माय गॉड'. त्यात त्याचा आवाज मशीनने इतका पातळ आणि उंच केलाय की तोच गातोय हे ओळखू येत नाही, गिटार जवळजवळ नाहीच. इथे बऱ्याच जणांना झेपला नाही. मला वाटतं तीस वर्षं शेजारी दुसरा आवाज होता तिथे स्वतःचा मूळ आवाज एकटा कसा ठेवायचा माणसाने, पण हे माझं आपलं. मग २०२५ मध्ये डलूथच्याच 'ट्रॅम्पल्ड बाय टर्टल्स' या ब्लूग्रास (अमेरिकन लोकसंगीताचा प्रकार) बँडबरोबर दुसरा अल्बम केला, त्यात साधा आवाज आहे, आणि एका गाण्यात त्याची मुलगी वरच्या सुरात गाते. ते ऑफिसात लावू नकोस, आकड्यांचं काही खरं नाही मग.

मडगांवकार

तंबोरीताई, आईला विचारलं. म्हणते एकटीचं कसलं रेकॉर्डिंग, लोक हसतील, मावशीला बोलवते रविवारी. दोन फोन ठेवतो, एक आईजवळ एक मावशीजवळ, म्हणजे तुम्हाला वेगवेगळं ऐकता येईल. मांडोचा वेगळा धागा काढतो, इथे कावळेदादांच्या बँडवर अतिक्रमण नको.

बेसूर_बाळ

दुल्पोद पण टाका, मी थेट तिथूनच सुरू करणार. आणि द ग्रेट डिस्ट्रॉयर लावलाय, चौथ्या गाण्यावर आहे, मी अजून जागाच आहे.